अंगणातले चार ग्रॅम

सान होजेला मी गेले ती पक्षी पाहायला नव्हे. भावोजींना जाऊन वर्ष होत आले होते. तेव्हा कॉलेजच्या मे महिन्याच्या सुट्टीत जाऊन ताईला थोडे दिवस वाईला घेऊन यावे, एवढाच बेत होता. पण विषय काढला की ताई मागल्या अंगणाकडे बोट दाखवी. "आणि यांना कोण पाजणार?"

'हे' म्हणजे हमिंगबर्ड! लिंबाच्या झाडाला तांबड्या तबकडीची बाटली टांगलेली. चार वाट्या पाण्याला एक वाटी साखर, रंग मुळीच नाही, आणि दर दोन-तीन दिवसांनी बाटली गरम पाण्याने धुवायची. भावोजींचा हा नेम ताईने एकदाही चुकवला नव्हता.

आपल्याकडे शिंजिरालाच पुष्कळजण हमिंगबर्ड म्हणतात. वर्गात मीही तसेच सांगत आले. पण खरा हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन खंडांतला. शिंजिराशी त्याचे नाते नाही. दोघांचा धंदा एक, म्हणून चोच तेवढी सारखी. शिंजीर बहुधा फुलाशेजारी बसून मध पितो. हा हवेत तरंगत पितो आणि मागेही उडतो. ताईच्या अंगणातली जात 'ॲनाज हमिंगबर्ड'. १८२९ साली लेसाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने ॲना नावाच्या एका सरदारपत्नीवरून हे नाव ठेवले. वजन म्हणाल तर जेमतेम ४ ग्रॅम.

भावोजी चित्रे काढीत. त्यांच्या वहीत नराची दहा-बारा चित्रे होती आणि शेवटच्या पानावर नुसती एक आखूड चोच.

"पिल्लू काढायला घेतले होते," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पेन्सिली घेऊन पायरीवर बसलो. पिल्लू ओळखू येते. चोच आखूड, पाठीच्या पिसांच्या कडा मातकट. आणि नर असेल तर गळ्यावर, कुंकवाची चिमूट सांडावी तशी, एकदोनच तांबडी पिसे. अक्कल अजून यायची होती. ताईच्या तांबड्या चपलेतही ते चोच घालून पाही! चित्र एका बैठकीत होणे अशक्यच. एका खेपेला डोके काढायचे, पुढच्या खेपेला शेपूट. पंख काढायचेच नाहीत. पेन्सिलीची रेघ बोटाने पुसली की झाले.

पाचव्या दिवशी मोठ्या नराने त्याला बाटलीवरून हुसकावले. ताई उठलीच. पिल्लू कुंपणावर गेले, क्षणभर बसले आणि सरळ शेजारच्या साल्व्हियाच्या फुलांत शिरले. मग हवेतली चिलटे टिपू लागले. आई कुठे दिसत नव्हती. घरटे सोडल्यावर आठ-पंधरा दिवस ती भरवते. पुढे ज्याचे त्याने पाहायचे.

बाटली नसली तरी हे पक्षी उपाशी मरत नाहीत, असे भावोजींनीच वहीत लिहून ठेवले होते. मी ते पहिल्याच दिवशी वाचले होते. पण ताईला वाचून दाखवण्याचा धीर मला झाला नव्हता. आता गरजही उरली नाही. ती पुष्कळ वेळ त्या फुलांकडे पाहत राहिली. मग वही ओढून त्या आखूड चोचीला तिने डोके जोडले, गळ्यावर दोन ठिपके दिले आणि खाली तारीख घातली.

संध्याकाळी ती शेजारणीकडे साखरेचे माप सांगायला गेली. वाचकांच्या हाती हा अंक पडेल तेव्हा ताई वाईच्या घरी चकल्या तळत असेल.