झाकण उचलता आलं पाहिजे

मराठवाड्यात होळी झाली की प्लास्टिकच्या टाक्या विकणाऱ्या दुकानांसमोरचा रस्ता अरुंद होतो. आत मावत नाहीत म्हणून टाक्या बाहेर येतात; काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या, आडव्या रचून दोरीने आवळलेल्या. टेम्पोतून एखादी टाकी गावाकडे निघते, तेव्हा मागे एक माणूस तिला कवेत धरून बसलेला असतो. रिकामी टाकी वाऱ्याने उडते, म्हणून. घरी जाऊन भरली की हीच हजार लिटरची टाकी एक टनाची होणार असते.

'किती लिटरची दाखवू?' लातूरला मावशीसाठी टाकी बघायला गेलो तेव्हा दुकानदाराचा पहिला प्रश्न हाच होता. ह्याचं उत्तर घरातली डोकी मोजून मिळत नाही. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, ते आधी सांगावं लागतं. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावं, असं सरकारी माप आहे. पाच माणसांचं घर आणि आठ दिवसांनी पाणी, असा हिशेब धरला तर ५,४०० लिटर साठवायला हवेत. एवढी जागा कुणाच्या अंगणात असते? म्हणून लोक हजाराची घेतात. मग माणशी रोज २५ लिटर वाट्याला येतात आणि आंघोळ, धुणं, भांडी, संडास, स्वयंपाक सगळं त्यात बसवायचं असतं. कपडे रोज धुवायचे की दोन दिवसांनी, आलेल्या पाहुण्याला मुक्कामाचा आग्रह करायचा की चहावर पाठवायचं, हे त्या दुकानातच ठरून जातं.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरलेले नाहीत. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी आवरेना, तेव्हा मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर. पाच लाख लिटर ऐकायला केवढं वाटतं! पण शहराची वस्ती चार लाखांच्या घरातली. वाटणी केली तर माणशी सव्वा लिटरच्या आसपास. पुढे वाघिणी पन्नास झाल्या. रांजण, पिंपं, पितळेचे हंडे, काही म्हणून पुरेना. ज्यांची टाकी गच्चीवर होती त्यांनाही खाली दुसरी लागली, कारण टँकरची नळी गच्चीपर्यंत पोचत नाही. तेव्हापासून दाराशी ठेवलेली टाकी कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. तुळशीवृंदावन जरा सरकवून तिला जागा करून दिलेली मी पाहिली आहे.

ह्या टाक्यांचा इतिहास फार जुना नाही. गुजरातेत कलोलला भारत विजय मिल्स ही कापडगिरणी होती. तिने १९७० च्या दशकात प्लास्टिकच्या धंद्यात पाऊल टाकलं आणि त्यातून सिंटेक्सची काळी टाकी आली. सिमेंटची टाकी बांधायला गवंडी आणि कित्येक दिवस लागत. ही तयार मिळू लागली. ती घडते तो प्रकार मला फार देखणा वाटतो. पोकळ साच्यात पॉलिएथिलीनची भुकटी घालतात, साचा भट्टीत ठेवून दोन दिशांनी सावकाश फिरवत राहतात. भुकटी वितळते, आतल्या अंगाला सगळीकडे सारखी चिकटत जाते आणि थंड झाल्यावर अखंड टाकी बाहेर येते. कुठे सांधा म्हणून नाही.

पण टाकी घेणाऱ्याने सांधा शोधण्याऐवजी जाडी बघावी. मावशीने तेच केलं. दुकानातल्या पोराला तिने मोबाइलची बॅटरी लावून बाहेरून भिंतीला टेकवायला सांगितली आणि स्वतः झाकण काढून आत डोकावली. एका टाकीत बॅटरीचा उजेड पिवळट डागासारखा आत दिसला. 'ही नको. हिच्यात शेवाळ धरंल.' उजेड आत गेला की शेवाळ येतंच. बाहेरचा काळा रंगही उगाच दिलेला नसतो. प्लास्टिकमध्ये मिसळलेली काजळी उन्हातले अतिनील किरण अडवते, नाहीतर चार उन्हाळ्यांत भिंत ठिसूळ व्हायची. आतला पांढरा थर गाळ लवकर दिसावा म्हणून. दुकानदार थर मोजून सांगत होता, तीन थरांची, चार थरांची. मला विचाराल तर थरांआधी वजन विचारावं. आयएस १२७०१ हे ह्या टाक्यांचं भारतीय मानक, आणि त्यात लिटरच्या मापानुसार टाकीचं किमान वजन ठरवून दिलेलं आहे. दुकानात काटा असतो. टाकी काट्यावर ठेवा म्हणायला लाज कसली?

त्याहून अधिक जीव मी झाकणाला लावीन. डेंग्यूचा डास गटारात जात नाही, त्याला आपण जपून ठेवलेलं स्वच्छ पाणी लागतं. मादी पाण्याच्या काठाशी भिंतीला अंडी चिकटवते. टाकी कोरडी पडली तरी ती महिनोन्महिने तग धरतात. पाणी चढलं की आठ-दहा दिवसांत उडता डास तयार. नळाची पाळीही जिथे तेवढ्याच दिवसांनी, तिथे ह्या दोन गोष्टी एकमेकींत कशा अचूक बसतात, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून झाकण घट्ट हवं, जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या नळीच्या तोंडाला जाळी हवी आणि भिंती घासून काढायला हव्यात. घासायला आत उतरतं घरातलं सगळ्यात बारीक पोर. वरून आई विचारते, 'झालं का रे?' आणि आतून दुप्पट मोठ्या आवाजात 'नाही अजून' येतं. पोरांना तो खेळ वाटतो. पण आई वर झाकणाशी उभी असल्याशिवाय कुणालाही आत उतरवू नये.

एक गोष्ट मात्र दुकानात कुणी बोलत नाही. नळाला पाणी सुटतं ते ठरावीक वेळ. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्याने दोन हजारांची टाकी घेऊन थेट नळाला मोटर लावली, की शेवटच्या घरी तोटी नुसती फुसफुसते. टंचाईची भीती खरी आहे, ती बाळगणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण लाइनीवर मोटर लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या कळशीतलं पाणी ओढणं, हे मला स्पष्ट म्हणायचं आहे. मोटर लावावी ती आपल्या खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवायला. मावशीचं घर गल्लीच्या शेवटचं आहे.

'मावशी, हजाराची एकच घेऊ या, स्वस्त पडते,' मी म्हटलं. दुकानदारानेही मान डोलावली.

ती उंच टाकीपाशी जाऊन उभी राहिली. झाकण तिच्या खांद्याला लागत होतं. आतलं बूड बघायला टाचा उंच कराव्या लागल्या.

'पाचशेच्या दोन दे,' ती दुकानदाराला म्हणाली. 'एक धुवायला काढली तर दुसरीत पाणी ऱ्हाईल. आन् झाकण मला एकटीला उचलता आलं पायजे बघ. तुम्ही काय, चार दिवस राहून पुण्याला जाताल.'

दोन टाक्यांना हजारापेक्षा पैसे जास्त गेले. ओटा दोन्ही टाक्यांना मिळून एकच बांधला, सपाट, बुडापेक्षा चारी बाजूंनी थोडा मोठा, म्हणजे भरलेलं ओझं कुठे अधांतरी राहू नये. उंची किती ठेवायची, ते गवंड्याने विचारलं तेव्हा मावशीने घरातून कळशी आणून त्याच्यापुढे ठेवली.