विमानाची घोडी

विमानाला जमिनीवर ठेवायला नीट जागाच नसते. टेबलावर ठेवलं तर पंख दोन्हीकडून बाहेर येतात आणि जाता-येता कुणाचं तरी कोपर लागतं. चाकांवर उभं केलं तर वाऱ्याच्या झुळकीनं सरकतं. पोटाखालचं चाक दुरुस्त करायला ते उताणं करावं, तर शेपटीचा उभा पंख आधी टेकतो आणि सगळा भार काही मिलिमीटर जाडीच्या त्या पट्टीवर येतो. छोट्या प्रतिकृतींचे पंख फक्त आकाशातच मोडत नाहीत, दुरुस्तीच्या टेबलावर आणि गाडीच्या मागच्या सीटवरही मोडतात. म्हणून मला वाटतं, विमान करणाऱ्यानं विमानाइतकंच मन लावून त्याची घोडी, म्हणजे ते ठेवायचा लाकडी टेकू, करावी.

आमच्या गोंदियात विमानाचं वेड लागायला फार काही लागत नाही. बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी १९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. आज तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. धानाच्या बांध्यांवरून ती पांढरी विमानं दिवसभर घिरट्या घालतात. डायमंड डीए-४० हे त्यांतलं एक. एकच इंजिन, लांब निमुळते पंख, खालच्या अंगाला जोडलेले, आणि शेपटीच्या टोकावर आडवा पंख बसवलेला, इंग्रजी टी अक्षरासारखा. खऱ्या विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १२ मीटर भरतात. त्याची आठपट लहान प्रतिकृती करायला घेतली तरी दीड मीटरचे पंख होतात. दीड मीटरची वस्तू घरात कुठे ठेवायची हा प्रश्न घरातल्या सगळ्यांना पडतो. ती उडवायला नेल्यावर शेतात कुठे ठेवायची, हा प्रश्न मात्र एकट्या मला पडला.

विमान बाल्साचं. बाल्सा येतं मुख्यतः इक्वाडोरमधून, आणि हातात घेतलं की लाकूड असल्याचा विश्वासच बसत नाही. त्याच्या एका घनमीटरचं वजन साधारण दीडशे किलोच्या आसपास भरतं. आपल्या सागवानाचं त्याच्या चौपट. बाल्सा नखानंही दबतं. ते तोलून धरायला सागवानच हवं, असं माझ्या मनानं ठरवलं होतं. आपल्याकडचं सागवान वर्षानुवर्षं ऊन-पाऊस सोसून आपला आकार सोडत नाही, आणि ज्याच्यावर दुसऱ्याचा तोल विसंबून आहे त्याच्याकडून एवढीच अपेक्षा असते.

गावातल्या सुतारमिस्त्रीकडे मी प्रतिकृती घेऊनच गेलो. त्यांनी ती आधी दोन्ही हातांत घेतली, वजनाचा अंदाज घेतला, मग खाली-वर फिरवून पाहिली आणि विचारलं, ‘‘भाऊ, याले उताणंबी ठेवा लागन का?’’ साऱ्या आराखड्याचं मर्म या एका प्रश्नात होतं. सुलटं ठेवायचं तर दोन खाचा पुरतात. उताणं ठेवायचं तर मागची खाच इतकी उंच हवी की टी-शेपटी खाली लोंबकळत राहावी आणि कशालाही लागू नये. शिवाय शेपटी मागच्या खाचेच्या पलीकडे मोकळी जायला हवी. मिस्त्रींनी खडूनं जमिनीवर विमानाची बाजू काढली, शेपटीची उंची वितीनं मोजली आणि वर चार बोटं जास्त ठेवली. ती चार बोटं कुठल्याच नकाशात नव्हती. त्यांच्या हातात होती.

मग पायांचा विचार. चार पायांची घोडी घरातल्या फरशीवर शोभते. धान कापून झालेल्या बांधीत ती डगमगते, कारण तिथली जमीन वाळून भेगाळलेली असते, धसकटं उभी असतात, आणि चारांपैकी एक पाय कायम अधांतरी राहतो. तीन टेकणी मात्र कितीही उंचसखल जमिनीवर एकाच वेळी टेकतात; हा भूमितीचा नियम आहे. म्हणून पुढे दोन पाय फाकलेले आणि मागे एक. पायांना बिजागरी, आडव्या दांडीला बोल्ट आणि विंग नट, म्हणजे पान्याशिवाय हातानंच आवळता येईल. पाय गरजेपेक्षा जास्त फाकू नयेत म्हणून मध्ये नवार बांधली, जुन्या पलंगाची. खाचांवर तो काळा फोम चढवला, जो एसीच्या तांब्याच्या नळीवर घालतात. रंधा मारून झाल्यावर लाकडाला जवसाचं तेल दिलं. घोडी मिटली की एका हातात मावते.

आणि इथेच खरी अडचण उभी राहते. सहज उचलता येईल अशी हलकी घोडी वाऱ्यात उलथते. जड केली तर शेतापर्यंत नेणार कोण? यावर मला आवडलेला उपाय फार साधा आहे. दांडीच्या मधोमध एक हुक, आणि हुकाला रिकामी कापडी पिशवी. शेतात पोचल्यावर त्याच बांधीतली माती पिशवीत भरायची. वजन घरून न्यायचं नाही, तिथलं घ्यायचं आणि जाताना परत तिथेच ओतायचं. बैलगाडी सोडल्यावर जुवाखाली लावतात त्या टेकूइतकीच ही घोडी साधी आहे. तरीही ती उभी करताना माझा हात प्रत्येक वेळी थोडा हळू चालतो.

घोडीवर विमान आलं की काम सुरू होतं. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याच्या दरम्यान विमानाचा तोल यायला हवा. तो मागे सरकला तर विमान हवेत सांभाळणं अवघड होतं. खालच्या पंखाचं विमान यासाठी उताणंच तोलतात. सुलटं धरलं तर वजन आधाराच्या वर राहतं आणि ते कलंडतं. मिस्त्रींचा प्रश्न इथेही खरा ठरतो. नंतर एलेरॉन, एलिव्हेटर, रडर ही पंखांवरची नि शेपटीवरची हलती पाती योग्य दिशेनं हलतात का ते पाहायचं. बॅटरी सगळ्यांत शेवटी. तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी पूर्ण भरली की १२.६ व्होल्ट देते. ती जोडल्या क्षणापासून नाकावरचा पंखा कधीही फिरू शकतो आणि बोट कापायला तेवढा पुरेसा असतो. पंखांच्या पुढे दोन खुंट्या लावून विमान अडवल्याशिवाय बॅटरी जोडू नये. मुलांना मी पहिली गोष्ट हीच शिकवतो, उडवणं नंतर.

कुठे उडवायचं हेही इथे नीट ठरवावं लागतं. बिरसीच्या आसपास नाहीच. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ठरावीक अंतरात परवानगीशिवाय काही उडवता येत नाही. त्या हद्दींचा नकाशा सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावर पाहूनच घराबाहेर पडावं. परसवाडा, झिलमिलीच्या तलावांकडेही नको. तिथे सारस असतात. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यांत उंच असलेला हा पक्षी आपल्या धानाच्या बांधीत घरटं करतो आणि आपले शेतकरी ते जपतात. त्याच्या डोक्यावरून आपला छंद भिरभिरवण्याचा हक्क आपल्याला नाही.

कुणी याला पोरखेळ म्हणतं तेव्हा मला पॅरिसच्या त्विलरी बागेतला १८७१ सालचा आल्फॉन्स पेनो आठवतो. पिळलेल्या रबराच्या जोरावर त्याचं छोटं विमान ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेलं. त्याच धर्तीचं एक उडतं खेळणं राइट बंधूंच्या वडिलांनी १८७८ मध्ये घरी आणलं. दोन्ही मुलं ते मोडेपर्यंत खेळली, मग तसंच दुसरं करायच्या मागे लागली. आपल्याकडे १९५० मध्ये सुरू झालेल्या एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. पण रोज डोक्यावरून विमानं जाणाऱ्या आमगाव, गोरेगाव, तिरोड्याच्या किती शाळांत मुलांच्या हाती एखादं बाल्साचं पातं येतं?

विज्ञानाच्या शिक्षकांनी एवढं करावं. महागडं तयार विमान मागवण्याआधी शाळेत एक घोडी करून घ्यावी. चार पट्ट्या, बिजागऱ्या, बोल्ट, नवार, फोम. सगळं गोंदियाच्या बाजारात मिळतं. ती करताना गावच्या सुतारमिस्त्रींना वर्गात बोलवावं, मुलांसमोर, मान देऊन. आणि प्रश्न त्यांना विचारू द्यावेत.