थांबला का गं?

वनाजच्या मेट्रो स्टेशनवर माझी बॅग यंत्रातून गेली की हमखास थांबवतात. पडद्यावर एक गडद, टोकदार गोळा दिसतो. मग मी कप्प्यातून दोऱ्याची गुंडाळी काढते, लाकडी ठोकळा काढते, पितळी गोळा काढते. ‘ओळंबा,’ असं सांगितल्यावर तरुण रक्षकाच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. एकदा मात्र एका पिकल्या मिशांच्या रक्षकाने तो तळहातावर तोलून पाहिला. ‘आमच्या थोरल्या चुलत्यांकडे होता,’ म्हणाला, आणि दोरा नीट गुंडाळून परत दिला.

हा ओळंबा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. ते गवंडी. कऱ्हाडच्या आसपासच्या गावांत त्यांनी किती भिंती उभ्या केल्या त्याची मोजदाद त्यांनी ठेवली नाही, पण एसटीतून जाताना खिडकीतून बोट दाखवायचे. ओळंब्याची करामत साधी आहे. ठोकळ्याची रुंदी आणि गोळ्याचा व्यास एकच. ठोकळा भिंतीला वर टेकवायचा आणि गोळा खाली सोडायचा. गोळा भिंतीला जेमतेम शिवला तर भिंत ओळंब्यात. फट राहिली तर भिंत वरून पुढे झुकली. गोळा भिंतीवर रेलून बसला तर खाली पोट सुटलं. शाळेला सुटी असली की मी खाली उभी, अण्णा वर परांचीवर. झुलणारा गोळा दोन बोटांनी अलगद शांत करायचा आणि सोडायचा, हे माझं काम. वरून आवाज यायचा, ‘थांबला का गं?’ वारा असला तर गोळा थांबता थांबत नसे. मग खाली पाण्याची बादली ठेवून त्यात तो बुडवायचा. तो थांबेपर्यंत अण्णा एक शब्द बोलत नसत.

हेच अण्णा बांधकामावर इंजिनिअर आला की निराळे होत. मुंडासं सारखं करत, दोन पावलं मागे सरकत आणि ‘साहेब म्हणतील तसं’ म्हणत. साहेबाचं चुकतंय हे त्यांना दिसत असे. मलाही दिसत असे, कारण साहेबाची गाडी वळली की अण्णा गुपचूप ते दुरुस्त करत. तलाठ्याकडे सातबारा आणायला जायचं तर आईला सोबत नेत. मला कोडं पडायचं: परांचीवर एका हाताने तोल सांभाळणारा हा माणूस तलाठ्याच्या टेबलापाशी असा का होतो?

आत्मविश्वास हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तो शाळेच्या फळ्यावरचा, व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरातला. त्यांच्याजवळ सुटे शब्द होते. हात बसला. नजर बसली. भीड चेपली. जीभ रुळली. छाती झाली. एक आलं म्हणून दुसरं येईल अशी त्या शब्दांत कुठेच हमी नाही, आणि मला वाटतं शिबिरातल्या एका गुळगुळीत शब्दापेक्षा तेच खरे आहेत. नोकरीला लागेपर्यंत मला हे कळलेलं नव्हतं.

2012 साली डिप्लोमा संपवून मी पुण्यात एका बारा मजली इमारतीच्या साइटवर लागले. निघताना अण्णांनी ओळंबा पिशवीत टाकला. मला लाज वाटली. कॉलेजात मी थिओडोलाइट लावलेला होता. पण पहिल्याच आठवड्यात तो बाहेर निघाला. तीन मीटर उंच कॉलमचा फर्मा उभा होता. सुतार मिस्त्री मालद्याकडचा, म्हणाला, ‘मॅडम, सब ओके है.’ मी वर खिळ्याला दोरा बांधून गोळा सोडला. दोरा आणि फर्मा यांच्यातलं अंतर वर 50 मिलिमीटर, खाली 62. बारा मिलिमीटरचा फरक. पुन्हा मोजलं, तेवढाच. हाताला खात्री होती. तोंडाला नव्हती. मिस्त्री माझ्या वडिलांच्या वयाचा, पंप येऊन उभा, मुकादम घड्याळ बघतोय. ‘प्लास्टर में निकल जायेगा,’ मिस्त्री म्हणाला, आणि मी मान हलवली.

प्लास्टरमध्ये निघालं, म्हणजे एका बाजूला जास्त जाड थापावं लागलं. आता तिथे कुणाची तरी बैठकीची खोली आहे. त्या रस्त्याने जाताना मी अजून त्या मजल्याकडे बघते.

तोंड उघडलं ते पुढच्या हिवाळ्यात, रात्रीच्या स्लॅबला. तेही माझ्या बळावर नव्हे. काँक्रीटची गाडी चांदणी चौकात अडकली आणि पोचली तेव्हा माल घट्ट झालेला. पंपवाला, ड्रायव्हर, मुकादम, तिघांचं एकच: पाणी मारा. काँक्रीटमध्ये पाणी मारणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. माल पळतो, काम लवकर आटपतं, सगळे खूश. पण हिशेब बघा. पन्नास किलोच्या सिमेंटच्या गोणीला पंचवीस लिटर पाणी धरलं असेल, तर गुणोत्तर 0.5. गोणीमागे दहा लिटरची एक बादली वाढवली की ते 0.7 झालं. जादा पाणी पुढे उडून जातं, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि ताकद खाली येते. हे मला पाठ होतं. त्या रात्री मी फक्त स्लम्पचा, म्हणजे माल किती बसतो ते मोजायचा, शंकू मागवला. तीनशे मिलिमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू, तेव्हाच्या पद्धतीने चार थर, प्रत्येक थराला सळईचे पंचवीस ठोके. ते ठोके मी स्वतः मारले, मोठ्याने मोजत. शंकू उचलला. माल 120 मिलिमीटर बसायला हवा होता, बसला 70. चलनावर माल भरल्याची वेळ 9.10, आणि आता बारा वाजले होते. दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी, असं प्रमाणक सांगतं.

‘गाडी परत न्या,’ मी म्हणाले. सहा घनमीटर माल. मुकादमाने तडक आमच्या वरिष्ठांना फोन लावून माझ्या हातात दिला. पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले, झोपेतून उठलेले. ‘स्लम्प किती?’ ‘सत्तर, सर.’ ‘माल भरून किती वेळ झाला?’ ‘दोन तास पन्नास मिनिटं.’ ‘मग मला कशाला उठवलंस?’ फोन बंद.

पुढची गाडी येईपर्यंत माझ्या पोटात गोळा होता, कारण आधी ओतलेला माल आवळला तर स्लॅबमध्ये सांधा राहतो आणि त्याला जबाबदार मी असते. गाडी वेळेत आली. त्या रात्रीनंतर मला वाटलं, झालं, आता आपण कुणालाही बोलू शकतो.

तसं काही झालं नव्हतं. त्या रात्री शंकू बोलला होता. मी फक्त आकडा वाचून दाखवला. आठवड्याभरातच एका लेबर कॉन्ट्रॅक्टरने माझ्यासमोर हसत दुसऱ्याला सांगितलं, ‘लडकी को क्या पता.’ याला शंकू नसतो. घशाला कोरड पडली, आणि पुढचे कित्येक महिने तो दिसला की पडत राहिली. चोख उत्तरं मला रात्री खोलीवर परतल्यावर सुचायची. शेवटी जे घडलं त्याला उत्तर म्हणवत नाही. एकदा मोजमाप घ्यायचं होतं, जवळ कुणी नव्हतं, मी टेपचं टोक त्याच्यापुढे धरलं आणि म्हटलं, ‘पकडिए. थोडा ऊपर. और ऊपर.’ त्याने धरलं. पुढे तो टेप धरायला आपणहून यायला लागला. भीड नेमकी कुणाची चेपली, सांगता येणार नाही.

चौथ्या वर्षी नजर बसली आणि नजरेनेच घात केला. बाथरूमचा स्लॅब बाकीच्या स्लॅबपेक्षा खाली घ्यायचा असतो, म्हणजे पाइप त्यात झाकले जातात. आठ मजले मी ते बघत आले होते. नवव्या मजल्यावर खालूनच नजर टाकली, यादीवर बरोबरच्या खुणा केल्या आणि सही ठोकली. सकाळी वर गेले तर एका फ्लॅटचं बाथरूम हॉलच्या पातळीत, सपाट, सुरेख. रात्री ओतलेलं.

त्या जिन्याच्या नऊ मजल्यांत मी किती सबबी रचल्या! सेंटरिंगवाल्याची चूक होतीच, ती खोटी नव्हती. पण सही माझी होती. वरिष्ठांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, ‘सर, मी वर न जाता सही केली.’ ते रागावले, चांगलेच. तोडफोडीचा खर्च किती येईल तो कागदावर मांडायला लावला. मग चहा मागवून सरकारी मोजमाप-पुस्तकाबद्दल, म्हणजे एमबीबद्दल, सांगू लागले. एमबीत खाडाखोड चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी आपली सही. ‘चाळीस वर्षांत माझ्या अशा सह्या किती असतील, विचारू नकोस,’ म्हणाले.

दर 15 सप्टेंबरला, अभियंता दिनी, हेच गृहस्थ विश्वेश्वरय्यांची एक गोष्ट सांगत. पुण्याच्या कॉलेजातून बाहेर पडून 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागलेला तरुण, खानदेशातली नेमणूक, ओढ्याच्या पात्रातून पाण्याचा नळ न्यायचं काम आणि तोंडावर पावसाळा. पुरात काम टिकणार नाही, थोडं थांबावं, असं त्याने वरिष्ठांना लेखी कळवलं आणि बोलणी खाल्ली. मग त्याच पावसात कामाला लागला. सरांना त्या कामाच्या शेवटात फारसा रस नसायचा. ते त्या पत्रापाशीच थांबत. नव्या नोकरीत पहिल्याच वर्षी असं लिहायला काय लागलं असेल, एवढंच म्हणत आणि समोसा उचलत.

इंग्रजीचं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण ते अजून चालू आहे. कन्सल्टंटच्या मीटिंगला जाण्याआधी मी वाक्यं वहीत लिहून नेत असे. एकदा एका शब्दावर अडले आणि विचारलं, याचा अर्थ काय. अशा गोष्टींत पुढे बाकीच्यांनाही तो माहीत नसतो. इथे सगळ्यांना माहीत होता. कुणीतरी सांगितला, मी लिहून घेतला, कान तापले, मीटिंग पुढे गेली. पुढच्या वेळी वही नेली, वाक्यं लिहिली नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात गावी घरावर एक खोली चढवायला काढली. मी पुण्याहून लेझर नेला. हिरवी रेघ भिंतीवर पडली तसे अण्णा चष्मा सारून बराच वेळ बघत राहिले. ‘झकास हाय,’ म्हणाले. मग म्हणाले, ‘ओळंबा आणलायस न्हवं?’

त्यांचा हात हल्ली कापतो. तरी घोड्यावर चढले, गवंड्याने खालून घोडा धरला. ठोकळा भिंतीला टेकवला आणि गोळा खाली सोडला. मी दोन बोटांनी तो शांत केला, सोडला; तो पुन्हा हलला. वारा नव्हता. पुन्हा धरला, पुन्हा सोडला.

‘थांबला का गं?’

‘अजून नाही, अण्णा.’

वरून काही आवाज आला नाही. त्यांनी दुसरा हात मनगटाखाली घेतला. मी गोळ्याकडे बघत उभी राहिले.