५१०१

इंडियानापोलिसला दर वर्षी कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या निवडक फुटबॉलपटूंना बोलावून त्यांची मोजमापं घेतात. उंची, वजन, हाताचा पंजा, धावण्याचा वेग, सगळं. तिथल्या कागदावर उंची चार आकड्यांत लिहायची पद्धत आहे. पहिला आकडा फूट, मधले दोन इंच आणि शेवटचा इंचाचे अष्टमांश. ५१०१ म्हणजे पाच फूट दहा इंच आणि वर इंचाचा आठवा भाग. २०१९ साली कायलर मरीच्या नावापुढे हा आकडा लागला आणि २०२३ साली ब्राइस यंगच्या नावापुढेही अगदी हाच. दोघेही क्वार्टरबॅक. दोघांनाही आपापल्या वर्षी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत अख्ख्या देशात पहिल्या क्रमांकाने उचललं गेलं. आणि त्यानंतर त्यांचा एखादा पास अडला की समालोचक, शेजारी, केस कापणारा, सगळे एकच कारण सांगतात: ठेंगणा आहे, त्याला दिसत नाही.

मी टेक्सासमधल्या एका सरकारी हायस्कुलात गणित शिकवतो आणि शाळा सुटल्यावर क्वार्टरबॅक पोरांना मैदान बघायला शिकवतो. इथे बहुतेक कोच शाळेतले शिक्षकच असतात. सांगलीकडचा माणूस या कामाला कसा लागला हा वेगळा विषय आहे. गणिताच्या मास्तरला सामन्यांचे व्हिडिओ कापायला बसवलं आणि तो पुन्हा उठलाच नाही, एवढं पुरे. पण उंचीचा हा वाद माझ्या दोन्ही धंद्यांच्या मधोमध पडतो, म्हणून त्यावर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

ज्यांनी हा अमेरिकन खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. सेंटर पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकच्या हातात देतो. सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन गार्ड आणि टोकांचे दोन टॅकल अशी पाच धिप्पाड माणसं त्याच्यापुढे भिंत धरतात. समोरचे चार-पाच जण ती फोडून त्याला आडवा करायला निघतात. हातात साधारण अडीच ते पावणेतीन सेकंद असतात. तेवढ्यात त्रेपन्न यार्डांहून थोड्या जास्त रुंदीच्या मैदानात पास झेलायला पळालेला कोणता रिसिव्हर मोकळा आहे ते ओळखून चेंडू फेकायचा.

आता ‘वरून दिसणं’ म्हणजे काय ते बघू. समरूप त्रिकोण शिकवताना हे उदाहरण मी नववीच्या वर्गात फळ्यावर घालतो. पाच फूट दहा इंचांच्या माणसाचे डोळे जमिनीपासून साडेपाच फुटांवर धरा. पुढच्या भिंतीतला माणूस, म्हणजे लाइनमन, सहा फूट पाच इंचांचा, पण तो गुडघे वाकवून, बूड खाली टाकून उभा असतो. हेल्मेटसकट त्याचा माथा सहा फुटांवर धरू. दोघांत अंतर चार यार्ड, म्हणजे बारा फूट. डोळ्यापासून निघून त्या माथ्याला घासून जाणारी रेषा बारा फुटांत अर्धा फूट चढते. रिसिव्हर डोळ्यापासून पंधरा यार्डांवर, म्हणजे पंचेचाळीस फुटांवर असेल, तर तिथे ही रेषा सात फूट साडेचार इंचांवर पोचलेली असते. तिच्याखालचं सगळं झाकलेलं. बरं, आता क्वार्टरबॅक सहा फूट चार इंचांचा घ्या. डोळे सहा फुटांवर आले, रेषा आडवी झाली. तरी पलीकडचा सहा फुटी रिसिव्हर झाकलेलाच! फार तर त्याचा उंचावलेला हात दिसेल.

म्हणजे लाइनमनच्या डोक्यावरून कोणालाच नीट दिसत नाही. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी सहा फूट चार इंचांचा होता; तोही दोन माणसांमधल्या फटीतूनच बघत असे. गर्दीच्या लोकलमध्ये खांद्या-बगलांच्या फटीतून फलाटाचा तुकडा दिसतो आणि तेवढ्यावर माणूस ‘दादर आलं’ म्हणून दाराकडे सरकतो, तसं हे बघणं आहे. फट शोधायची आणि तुकड्यावरून उरलेलं ओळखायचं. या फटीला इथे कोच लोक ‘लेन’ म्हणतात किंवा ‘विंडो’ म्हणतात.

फेकीचंही तेच. सहा फूट पाच इंचांच्या बचावपटूने नुसते हात वर केले तरी बोटं साडेआठ फुटांच्या आसपास जातात. २०१२ च्या हंगामात ह्यूस्टनच्या जे. जे. वॉटने तब्बल १६ पास असे हाताने पाडले. सरळ, वेगात जाणारा पास त्या हातांवरून कोणीही नेऊ शकत नाही, तो हातांच्या मधून काढावा लागतो. शिवाय चेंडू किती उंचावरून सुटतो हे अंगाच्या उंचीपेक्षा हाताच्या वळणावर ठरतं. सॅन डिएगोने २००६ साली क्वार्टरबॅक ड्रू ब्रीसला न्यू ऑर्लिन्सला जाऊ दिलं आणि फिलिप रिव्हर्सला जागा दिली. खांद्याची मोठी दुखापत हे तिथलं खरं कारण होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण गंमत अशी, की सहा फुटी ब्रीस चेंडू डोक्यावरून सोडायचा आणि सहा फूट पाच इंचांचा रिव्हर्स तो खांद्याजवळून ढकलल्यासारखा. रिव्हर्सचे उरलेले इंच जणू बाकावर बसून असत.

मग ठेंगण्या पोराला शिकवायचं काय? आधी पाय.

सराव असा असतो. पाच पोरं ओळीत उभी राहतात, प्रत्येकाच्या हातात शाळेच्या सफाईवाल्यांकडून मागून आणलेला लांब दांड्याचा झाडू. क्वार्टरबॅकने चेंडू घेतला की ते झाडू वर जातात. यंदाचा माझा पोरगा पाच फूट आठ इंचांचा आहे. चेंडू छातीशी दोन्ही हातांत, खांदे आडवे, आणि दोन्ही पाय वीतभर उजवीकडे सरकतात. उडी नाही, पळणं नाही, नुसती सरक. सेंटर आणि उजवा गार्ड यांच्यामधला अंधार एकदम फाकतो. झाडू कमी-जास्त हलले की तो पुन्हा वीतभर सरकतो. सुरुवातीला तो टाचा उचलून मान लांब करायचा. तसं केलं की तोल जातो आणि फेक वर उडते. टाचा खाली आल्या तेव्हाच पास जागेवर पडायला लागले.

“कोच, मधला दिसत नाही.”

“दिसायची वाट बघू नकोस. सेफ्टी कुठे गेला?”

“डावीकडे.”

“मग मधे कोण राहिलं?”

उत्तर न देता त्याने चेंडू सोडला. झाडूंच्या पलीकडे रिसिव्हर वळला तेव्हा चेंडू त्याच्या छातीवर होता. वळण्याआधीच सुटलेला.

या खेळातली नजर म्हणजे मुख्यतः हीच. पाहायचं असतं ते चेंडू हातात येण्याआधी. बचावात सगळ्यात मागे राखण करणारे सेफ्टी दोन आहेत की एक, मधली जागा उघडी की मिटलेली, त्यांच्या पुढे उभ्या लाइनबॅकरचं वजन पुढच्या पायावर की मागच्या, एवढं वाचलं की मैदानाचं अर्धं उत्तर मिळालेलं असतं. चेंडू आल्यावर फक्त खात्री करायची: तो सेफ्टी आधी दिसला तसाच वागतोय का, की सोंग करत होता? त्याउपर ज्याला नजरेनेच फसवता येतं, डावीकडे टक लावून सेफ्टीला तिकडे ओढायचं आणि उजवीकडे फेकायचं, तो माझ्या लेखी खरा कारागीर. आमच्याकडे मैदानाच्या टोकाला उंच खांबावर कॅमेरा असतो. त्याच्या चित्रात सगळं आरशासारखं स्वच्छ दिसतं, आणि शनिवारी सकाळी पालक ते बघून म्हणतात, “एवढा मोकळा होता, याला दिसला कसा नाही?” खांबावरून मलाही दिसतो!

नुसत्या उंचीने हे येत नाही याचे दाखले या खेळात पैशाला पासरी आहेत. १९९१ साली सिअ‍ॅटलने सहा फूट आठ इंचांच्या डॅन मॅकग्वायरला १६ व्या क्रमांकाने घेतलं. त्याच वर्षी सहा फूट दोन इंचांचा ब्रेट फाव्र ३३ व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला. पहिल्याचं नाव आज कोणाला आठवत नाही. उलट बाजूला ब्रीस २००१ मध्ये ३२ वा गेला आणि २०२१ मध्ये निवृत्त झाला तेव्हा पासच्या एकूण यार्डांत इतिहासात कोणीच त्याच्या पुढे नव्हतं. रसेल विल्सन, नोंद ५१०५, २०१२ साली ७५ वा, आणि दोनच हंगामांत त्याच्या संघाने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, ४३-८ ने जिंकला.

पण थांबा. अशी नावं मोजून ‘उंचीचं काही नसतं’ म्हणणारेही मला पटत नाहीत. ठेंगण्यांतले जे वर पोचले ते अत्यंत गाळून आलेले होते. उंच मुलाला मात्र चुकायला तीन-चार हंगाम मिळतात. हे दोन गट शेजारी ठेवून सरासरी काढणाऱ्याला मी माझ्या वर्गात नापास करीन. आणि ठेंगणेपणाची किंमत असतेच, ती मैदानाच्या मध्यात मोजावी लागते. सेंटरच्या थेट मागे, दहा-बारा यार्डांवरचा पास हा ठेंगण्याचा सगळ्यात अवघड पास. म्हणून तो कडेला सरकतो, किंवा मागे जातो. मागे गेल्याने त्रिकोण थोडा सुधारतो. चारऐवजी आठ यार्ड मागे उभं राहिलं तर मघाची रेषा रिसिव्हरपाशी सात फूट साडेचारवरून सहा फूट आठ इंचांवर येते. पण तेवढं मागे गेलं की टॅकलची पंचाईत होते. तो बाहेरून येणाऱ्या बचावपटूला वळसा घालायला लावत असतो, आणि तो वळसा संपतो नेमका सात-आठ यार्डांवर. क्वार्टरबॅक तिथेच जाऊन उभा राहिला तर ते पाहुण्याला दार उघडून देण्यासारखं झालं.

डग फ्लूटीची गोष्ट इथे आठवते. १९८४ चा हाइझमन विजेता, कॉलेजातला सर्वोत्तम खेळाडू, आणि उंची जेमतेम पाच फूट दहा. पुढच्या वर्षी एनएफएलने त्याला अकराव्या फेरीत उचललं. तो कॅनडात गेला आणि तिथल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू सहा वेळा ठरला. कॅनडाचं मैदान ६५ यार्ड रुंद, आणि तिथे बचावाची ओळ चेंडूपासून एक यार्ड लांब उभी राहते. माणूस तोच, उंची तीच. फक्त बचावपटूंचे हात यार्डभर मागे गेले आणि कडेला जागा झाली.

म्हणून माझं म्हणणं असं, की ठेंगण्या क्वार्टरबॅकचा भाव एकट्याचा लावूच नये. त्याच्या भावात दोन गार्ड आणि सेंटर धरायचे. या तिघांनी जागा सोडली नाही, तर तो मागे न जाता पुढे पाऊल टाकू शकतो आणि फटी उघड्या राहतात. तेच तिघे ढकलले जाऊन त्याच्या अंगावर आले, तर हात तोंडाशी येतात आणि खिडकी बंद. न्यू ऑर्लिन्सला हे कळलं होतं. बाकीचे संघ टॅकलवर पैसे ओतत असताना त्यांनी ब्रीसच्या पुढे जाहरी एव्हान्ससारखा गार्ड उभा केला आणि २०१० मध्ये त्याला तोवर कुठल्याही गार्डला मिळाला नव्हता असा करार दिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत ते सुपर बोल जिंकले होते.

कॅरोलायनाने हे उलट्या क्रमाने केलं. ब्राइस यंगसाठी पहिला क्रमांक मिळवायला त्यांनी शिकागोला त्या वर्षीचे ९ वा आणि ६१ वा हे दोन क्रमांक, २०२४ ची पहिली फेरी, २०२५ ची दुसरी फेरी आणि वर डी. जे. मूर हा त्यांचा सर्वोत्तम रिसिव्हर दिला. पुढे उभं राहायला धड माणसं ठेवली नाहीत. पहिल्या हंगामात यंग ६२ वेळा चेंडूसकट आडवा झाला, संघ २-१५ असा संपला आणि शिकागोला दिलेली ती २०२४ ची फेरी देशातला पहिला क्रमांक ठरली. यंगच्या मागोमाग दुसऱ्या क्रमांकाने ह्यूस्टनला गेलेला, सहा फूट तीन इंचांचा सी. जे. स्ट्राउड त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू झाला. झालं, सगळ्यांनी इंच मोजले. मग २०२४ च्या मार्चमध्ये कॅरोलायनाने रॉबर्ट हंटला पाच वर्षांचे १० कोटी डॉलर आणि डेमियन लुइसला चार वर्षांचे ५ कोटी ३० लाख डॉलर देऊन दोन गार्ड आणले. यंगला त्या हंगामात दोन सामन्यांनंतर बाकावर बसवलं, आणि ऑक्टोबरअखेर परतल्यावर तो वेगळाच खेळाडू दिसला. पुढे पाऊल टाकत होता. ते दोन करार आधी झाले असते तर वरचा हिशेब कसा दिसला असता, हे वाचकांनीच ठरवावं.

आमच्या महाराष्ट्र मंडळात आता फुटबॉल खेळणारी मुलं आहेत, आणि त्यांचे वडील मला गाठून विचारतात, “सर, पाच फूट नऊवर थांबलाय, पुढे काही होईल का?” एका घरी दाराच्या चौकटीला दांडी लावून पोराला रोज संध्याकाळी लटकवलं जातं. लटकू दे, खांदे बळकट होतील. पण मी त्यांना सांगतो, की त्याला शनिवारी माझ्याकडे व्हिडिओ बघायला पाठवा आणि सेफ्टी वाचायला शिकवू द्या. आणि तुमच्या गल्लीत कोणाचा दांडगा, शांत डोक्याचा मुलगा असेल, तर त्यालाही आणा.

तुम्ही स्वतः सप्टेंबरात टीव्हीवर सामना लावाल तेव्हा एक करून पाहा. पहिली दहा मिनिटं चेंडूकडे बघूच नका. सेंटरच्या दोन्ही बाजूंच्या गार्डांचे पाय बघा. ते एक-दीड यार्डाच्या आत रोवून उभे राहिले, तर मागे कितीही ठेंगणा माणूस असो, त्याला दिसतंय. ते पाय मागे सरकत निघाले, तर सहा फूट सहा इंचांच्या माणसालाही दिसत नाही.