एका फुटाने मोठा

मिशिगन राज्याचं सर्वोच्च शिखर १९८२ साली बदललं. त्याआधी तो मान माउंट कर्वूडकडे होता. मग सर्वेक्षण खात्याने नव्या उपकरणांनी पुन्हा मोजणी केली. तीत शेजारचा माउंट आर्व्हन १९७९ फूट भरला आणि कर्वूड एका फुटाने कमी पडला. कर्वूड हे नाव जेम्स ऑलिव्हर कर्वूड या मिशिगनच्याच कादंबरीकाराचं. उत्तरेकडच्या रानांच्या आणि जनावरांच्या कथा लिहून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो अमाप खपला. त्याच्या १९१६ च्या एका कादंबरीवरून १९८८ मध्ये ‘द बेअर’ हा चित्रपट निघाला, पण तोवर त्याच्या डोंगराचा पहिला नंबर गेला होता. नाशिकहून आमच्याकडे आलेल्या बाबांना मी ही हकिगत सांगितली, तर त्यांना काही नवल वाटलं नाही. त्यांची सारी नोकरी वनखात्यात गेली, त्यातली बरीचशी आलापल्लीच्या सागाच्या जंगलात. ‘मोजणीदार बदलला की बांध सरकतो,’ एवढंच म्हणाले आणि कधी निघायचं ते विचारलं.

आम्ही राहतो डेट्रॉइटच्या बाजूला. आर्व्हन त्याच राज्यात असला तरी पाचशेहून अधिक मैल दूर. मध्ये मॅकिनॉचा पाच मैलांचा पूल लागतो आणि पलीकडे अप्पर पेनिन्सुला सुरू होतो. हा भाग मिशिगनने घेतला तोच मुळी नाराजीने. टोलेडोच्या पट्ट्यावरून ओहायोशी भांडण झालं, पट्टा ओहायोला गेला आणि १८३७ मध्ये राज्य म्हणून मान्यता मिळताना भरपाईदाखल मिशिगनच्या पदरात हे रान पडलं. पुढे त्यात तांबं सापडलं, लोखंड सापडलं आणि पांढऱ्या पाइनची अफाट झाडी तर उभीच होती. नाराजी मग कुणाला आठवली नाही.

१९७९ फूट म्हणजे ६०३ मीटर. पुण्याच्या वाचकांनी हसू नये, पण पर्वतीचा माथा याहून उंच आहे. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे अडीचपटीहून जास्त. तरी इथे लोक लांबून येतात, कारण अमेरिकेत प्रत्येक राज्याच्या सर्वोच्च जागी पाय ठेवून यायचा छंद आहे. तेव्हाची अठ्ठेचाळीसही राज्यं आर्थर मार्शल नावाच्या माणसाने १९३६ मध्येच पुरी केली होती. आता राज्यं पन्नास झाली आणि छंदवाल्यांचा रीतसर क्लबही आहे. १९८२ च्या आधी कर्वूडवर जाऊन ज्यांनी मिशिगनपुढे खूण करून ठेवली असेल, त्यांना त्या मोजणीचा किती राग आला असेल, याची मी वाटभर कल्पना करत होतो.

लान्स हे केविनॉ उपसागराच्या टोकाचं छोटं गाव. तिथून स्केनी रोडने सोळा-एक मैल सरळ डांबरी रस्ता आहे. झायन लुथरन चर्च दिसलं की उजवीकडे वळायचं, आणि मग थोड्याच वेळात डांबराचा आणि आपला संबंध संपतो. पुढचा रस्ता लाकूडतोडीचा. जागोजागी फाटे फुटतात आणि सगळे फाटे सारखेच दिसतात. कुणीतरी झाडांना निळ्या, चौकटच्या आकाराच्या पाट्या ठोकून ठेवल्या आहेत, त्या बघत जायचं. मोबाइलला रेंज नाही. पावसाने रस्त्याच्या मधोमध चर पाडलेले, चाकोऱ्यांत पाणी, आणि चढावर मुठीएवढ्यापासून डोक्याएवढ्यापर्यंत दगड. बायको गाडी चालवत होती. खालून दगड घासल्याचा आवाज आला की ती ‘गेलं’ म्हणायची आणि पुढे जायची.

या रस्त्याबद्दल लोक कुरकुर करतात ते मला गमतीचं वाटतं. रस्ता आपल्यासाठी केलेलाच नाही. तो ज्यांच्यासाठी आहे ते एका वळणावर समोरून आले: ओंडक्यांनी काठोकाठ भरलेला ट्रक आणि मागे तसाच भरलेला ट्रेलर. मिशिगनमध्ये अशा गाडीला अकरा आसांवर १,६४,००० पौंड, म्हणजे चौऱ्याहत्तर टनांपर्यंत वजनाची मुभा आहे. बाजूला कुणी व्हायचं हा प्रश्नच नसतो. बायकोने गाडी मागे घेत घेत एका मोकळ्या जागेत घातली, ट्रकवाल्याने स्टीअरिंगवरची दोन बोटं उचलली, आणि धूळ बसेपर्यंत आम्हाला काही दिसलं नाही.

धूळ बसल्यावर कळलं की ती मोकळी जागा म्हणजे लाकडाचा तळ होता. बाबा दार उघडून उतरलेसुद्धा. मेपल त्यांच्या ओळखीचं झाड नव्हे, पण थप्प्या त्यांनी लगेच वाचल्या. ‘हे बघ, वेगवेगळं लावलंय. जाड, सरळ, बिनगाठीचं इकडे. वाकडं-बारीक तिकडे, ते लगद्याला जाणार. आमच्या डेपोत इमारती, बल्ली, जळाऊ, तसंच.’ एका ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर त्यांनी तळहात ठेवला. बाहेरचं लाकूड सायीसारखं पांढरं, मध्ये विटकरी गाभा. सागात किंमत गाभ्याला. मेपलमध्ये उलटं, पांढरा भाग जितका जास्त तितका भाव चढा. इकडच्या मेपलपासून बास्केटबॉलच्या कोर्टांची जमीन करतात, हे मी सांगितल्यावर त्यांनी बोटाच्या पेराने लाकूड वाजवून पाहिलं. मग उभ्या झाडांवरचे रंगाचे पट्टे दाखवत म्हणाले, ‘सरसकट तोड नाही. निवडून काढतायत. वीसेक वर्षांनी परत येतील.’ त्यांच्या काळी तोडायच्या झाडावर शिक्क्याचा हातोडा मारत. इथे स्प्रे मारतात. बाकी सगळं तेच, असं त्यांचं मत पडलं.

निवडून काढायची ही रीत इथे उशिरा आली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत मिशिगन लाकडाच्या धंद्यात देशात पुढे होतं आणि त्याच सुमारास पांढरा पाइन जवळपास संपला. मग हेन्री फोर्ड आला. त्याच्या गाड्यांच्या सांगाड्यात लाकूड लागे, म्हणून १९२० च्या दशकात त्याने या भागात जंगलं घेतली, लान्सची आणि शेजारच्या पेक्वामिंगची गिरणी घेतली, आणि १९३६ मध्ये अल्बर्टा नावाचं अख्खं गाव वसवलं. मोटारींच्याच धंद्यावर माझं पोट चालतं, पण माझ्या शहराचं एक मूळ इथे आहे हे मला या चिखलात येईपर्यंत कळलं नव्हतं. याच डोंगरांत एक आगगाडीही होती. म्हणजे रूळ होते. १८९० च्या दशकात लोखंडाच्या खाणींपासून ह्यूरॉन उपसागरापर्यंत लोहमार्ग टाकला, किनाऱ्यावर धक्का बांधला, आणि खनिजाची एकही खेप न नेता सगळं मोडीत निघालं. रस्त्याला माल लागतो. आर्व्हनवर आज जाता येतं कारण आर्व्हनवर झाडं तोडतात. जंगलतोडीला नावं ठेवत ठेवत त्याच रस्त्याने शिखर गाठणारे आम्ही, याची मला जरा लाज वाटली. बाबांना वाटली नाही.

शिखराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शेवटचा तुकडा चालून जावा, तो सोपा आहे. माथा सपाट, चहूकडे झाडं, एक निळी पाटी आणि खांबावर टपालपेटी. माथ्याला कळसूबाईसारखं टोकही नाही. हजारो वर्षं बर्फाचा थर अंगावरून सरकून गेल्यावर डोंगराचं जे उरतं ते हे. खडक मात्र सह्याद्रीहून कितीतरी जुने: आपला बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, इथल्या खडकांची गणती अब्जांत होते. बाबा लहानपणापासून नवरात्रात कळसूबाईला जात आलेले. पूर्वी साखळ्या धरून, नंतर लोखंडी शिड्यांवरून. त्यांनी चप्पल काढायला कुठे जागा आहे का, असं नजरेनेच पाहिलं आणि मग टपालपेटी उघडली. आत नोंदवही. लोकांनी नाव, गाव, तारीख लिहिलेली. कुणी किती राज्यं झाली तो आकडा, कुणी डासांना शिव्या. बाबांनी मराठीत नाव लिहिलं, खाली नाशिक, आणि शेऱ्याच्या जागी, दौऱ्यावर आलेल्या साहेबाच्या वळणदार अक्षरात: ‘झाडी उत्तम. रस्ते दुरुस्तीस पात्र.’

उतरताना त्याच तळावर दुसरा ट्रक लागला होता. ड्रायव्हर ट्रकवरच्याच क्रेनने ओंडके उचलून ट्रेलरवर लावत होता. जागा होईपर्यंत थांबणं भाग होतं. त्याने काम थांबवून आम्हाला जाऊ द्यायची खूण केली, पण बाबा पुन्हा खाली उतरले होते. ‘विचार त्याला, वर्षभर चालतं का?’ मी विचारलं. नाही म्हणाला, बर्फात उलट बरं, जमीन कडक असते. वसंतात बर्फ वितळला की रस्ते लोण्यासारखे होतात, वजनाच्या गाड्यांवर बंधनं येतात आणि काही आठवडे घरी बसायचं. बाबा म्हणाले, ‘आमच्याकडे पावसाळ्यात बंद.’ मग त्याने वरूनच विचारलं, तुमच्याकडे हे जंगलातून बाहेर कसं काढायचे? मी ट्रॅक्टर म्हणणार होतो. बाबांना प्रश्न इंग्रजीतच कळला होता. ‘एलिफंट,’ ते म्हणाले. ‘कमलापूर. गव्हर्मेंट एलिफंट.’

त्याने क्रेनचा पंजा खाली टेकवला, इंजिन बंद केलं आणि उतरून आला. हत्ती एका वेळी किती ओढतो, हे त्याला टनांत हवं होतं.