घाटावरची सुडी

गेल्या आश्विनांत मलकापुरास आगगाडींतून उतरून आम्ही मोटारीनें बुलढाण्याकडे निघालों. मोताळा मागें पडून राजूरचा घाट चढतांच हवेंत गारवा आला. या जिल्ह्याचे घाटाखालचा व घाटावरचा असे दोन भाग लोक मानतात. घाटावर, चिखलीच्या वाटेनें, दुतर्फा सोयाबीनचीं कापलेलीं रानें दिसत होतीं. आणि कापलेल्या पिकाच्या ज्या राशीला इकडे सुडी म्हणतात, त्या सुड्या ताडपत्रीखालीं उभ्या होत्या. आदल्याच आठवड्यांत परतीचा पाऊस होऊन गेला होता.

ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर आम्ही थांबलों. त्यानें पावसाच्या धास्तीनें ओलसर पीकच घाईनें रचलें होतें. ताडपत्री शाबूत म्हणून तो निश्चिंत होता. पण त्याच्या वृद्ध मातोश्रींनीं सुडीच्या पोटांत कोपरापर्यंत हात घातला व लगेच बाहेर काढला. "बाबू, आतून तापली हाये सुडी," एवढेंच त्या म्हणाल्या.

वरून कोरडी दिसणारी रास आंतून कां तापावी? वाचकहो, दाणा कापणीनंतरही श्वास घेत असतो. ओल जितकी अधिक, तितका हा श्वास जलद. त्यांतून उष्णता व आणखी ओल निर्माण होते आणि मागोमाग बुरशी येते. सोयाबीनच्या दाण्यांत शेंकडा १८ ते २० तेल असतें. दाण्यांतील पाचक द्रव्यें व बुरशी मिळून त्या तेलांतील मेदाम्लें मोकळीं करतात. तेल आम्लयुक्त व काळसर होतें. कारखान्यांत तें शुद्ध करतां येतें हें खरें. परंतु क्षार घालून आम्ल काढतांना त्याचा साबण बनतो व त्याजबरोबर कांहीं चांगलें तेलही जातें. अशा मालाला भाव कमी मिळतो, तो उगाच नव्हे.

भूमध्यसमुद्राकांठच्या ऑलिव्हचीही हीच कथा आहे. तें रसाळ फळ ढिगांत तापतें व आंबतें. म्हणून जाणता बागाईतदार तोडणीनंतर शक्यतों एका दिवसाच्या आंत तें घाण्यावर नेतो. तेथील सर्वोत्तम प्रतीच्या तेलांत मुक्त आम्ल शेंकडा ०.८ हून अधिक चालत नाहीं. त्या बागाईतदारास घाई करण्यावांचून गत्यंतर नाहीं. आमच्या शेतकऱ्याच्या हातीं मात्र ऊन आहे. ओल शेंकडा १२ पर्यंत उतरली कीं सोयाबीन कोरड्या जागीं कित्येक महिने टिकतें. सरकारी खरेदीची मर्यादाही तीच. सन २०२४ मध्यें ती त्या हंगामापुरती १५ करण्यांत आली होती.

दिवाळी तोंडावर होती. सुडी मोडावी तर मजुरी पुन्हां. न मोडावी तर वर्षाची मेहनत कुजणार. एका व्यापाऱ्यानें आहे तसा माल उचलण्याची तयारी दाखवून पडता भाव सांगितला होता. मुलगा क्षणभर घुटमळला. पण आजीबाईंनीं पदर खोंचला आणि सारें घर कामास लागलें. काळवंडलेला माल एकीकडे, चांगला दुसरीकडे असा निवडून पसरला. दोन्ही मिसळले असते तर चांगल्याचाही भाव गेला असता.

परतीच्या वेळीं तिसऱ्या दिवशीं आम्ही पुन्हां तेथें थांबलों, तेव्हां मळणी चालू होती. थोडा माल वायां गेला, पुष्कळ वांचला.

घरीं आल्यावर आम्हीं प्रथम शेगडीजवळचा तेलाचा डबा हलविला आणि शेंगदाण्यांची बरणी उघडून पाहिली. कोठीचें झांकण लावण्यापूर्वीं एकदां आंत हात घालून पाहावा, हें आम्ही त्या आजीबाईंपासून शिकलों.