दोनशे मीटर खोल हिंजवडी

सरळ मुद्द्यावर येतो. तीस ते साठ हजारांचं ऑटोमॅटिक डायव्हर घड्याळ घेतलं तर पैसे वसूल होतात का? आमच्या टीममधल्या निम्म्या पोरांना हा प्रश्न पडतो, साधारण अप्रेझलचं पत्र हातात पडलं की. या किमतीला मी 'मधली' म्हणतोय, कारण याच्या खाली सुखाने चालणारी पाच-दहा हजारांची घड्याळं आहेत आणि वर लाखांचं जग आहे, ज्याबद्दल बोलायची माझी ऐपत नाही.

माझ्यासाठी प्रश्न निव्वळ हौसेचा नव्हता. घराच्या डाउन पेमेंटसाठी आमचं एक जॉइंट अकाउंट आहे. त्यातून चाळीसेक हजार उचलायचे तर बायकोला पटेल असं कारण लागतं. तिच्या हातात हजार-बाराशेचं क्वार्ट्झ आहे. "हे वेळ दाखवतं. तुझं काय वेगळं दाखवणारे?" हा तिचा एका ओळीचा कोड रिव्ह्यू.

मग आधी वेळेचंच बघू. तिच्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि महिन्याभरात फार तर पंधरा-वीस सेकंद चुकतो. ऑटोमॅटिकमध्ये बॅटरी नाही. मनगट हललं की आतलं अर्धगोल वजन फिरतं, ते स्प्रिंगला चावी देतं, आणि ती स्प्रिंग हळूहळू सुटताना काटे चालतात. सेकोचं ४आर३६ हे या किमतीत सर्रास दिसणारं मशीन. त्याच्यासाठी कंपनी स्वतःच दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे एवढी सूट मागून घेते. दिवसाचे ८६,४०० सेकंद, त्यात ४५ चुकले म्हणजे ९९.९५ टक्के. आपल्या भाषेत तीन नाइन्स. बायकोचं बाराशेवालं पाच नाइन्स! कुठल्याही क्लायंटने हा एसएलए बघून आपल्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

वेळ हा मुद्दा बाद. आता पाणी.

डायव्हर घड्याळं खऱ्या गरजेतून आली. १९५३ साली ब्लाँपँचं फिफ्टी फॅदम्स आणि रोलेक्सची सबमरिनर तयार झाली, १९६५ मध्ये सेकोने जपानचं पहिलं डायव्हर काढलं. पाण्याखाली किती मिनिटं झाली हे कळणं म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती उरली हे कळणं. म्हणून ती बाहेरची फिरणारी कडी, म्हणजे बेझल. बुडी मारताना तिचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, की गेलेली मिनिटं थेट वाचता येतात. आणि गंमत म्हणजे ती एकाच दिशेने फिरते. खडकाला धक्का लागून सरकलीच तर गेलेला वेळ जास्त दाखवेल, कमी कधीच नाही. माणूस लवकर वर येईल, उशिरा नाही. बिघडलं तरी सुरक्षित बाजूलाच बिघडेल अशी ही रचना. आम्ही सॉफ्टवेअरवाले यावर अख्खी प्रेझेंटेशनं करतो, आणि इथे ते एका कडीत आणि एका छोट्या स्प्रिंगमध्ये बसवलंय.

पण आज खरे डायव्हर मनगटावर डायव्ह कॉम्प्युटर बांधतात. खोली, वेळ, वर कधी यायचं, सगळं तोच सांगतो. हौशी डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर. मी तारकर्लीला उतरलो ते पाच-सात मीटर, तेही इन्स्ट्रक्टरने मागून घट्ट धरलेलं असताना. २०० मीटरचं घड्याळ घालून मी जातो कुठे, तर हिंजवडीला. (जुलैत तिथल्या अंडरपासखाली बाइक घातली की थोडी उपयोगी खोली मिळते, ते सोडा.) बेझलचा उपयोग कुकरच्या शिट्ट्यांनंतरच्या दहा मिनिटांसाठी आणि पंधरा मिनिटांचं स्टँडअप पस्तीसवर गेलंय हे मॅनेजरला न बोलता दाखवण्यासाठी.

मग पैसे जातात कशात? याचं उत्तर मला दोन घड्याळं शेजारी ठेवल्यावर मिळालं. सेकोचं एसकेएक्स ००७ हे १९९६ पासूनचं लाडकं डायव्हर २०१९ च्या सुमारास बंद झालं, आणि त्याच वर्षी तसाच चेहरा घेऊन नवी सेको ५ स्पोर्ट्स आली. मशीन उलट सुधारलेलं, ४आर३६. पण २०० मीटरचे १०० झाले, स्क्रूने आवळायची चावी गेली आणि तबकडीवरचा 'डायव्हर्स' हा शब्दही गेला. तो शब्द पुन्हा हवा असेल तर प्रॉस्पेक्समध्ये जायचं, जिथे बऱ्याच मॉडेलांत त्याच घराण्यातलं मशीन असतं आणि किंमत बरीच वर.

म्हणजे वरचे पैसे मशीनचे नाहीतच. ते आहेत बाहेरच्या डब्याचे. जाड काच, स्क्रूची चावी, रबरी वॉशर, अंधारात २५ सेंटिमीटरवरून वाचता येईल असं रेडियम (हे आपलं म्हणायचं नाव, आता त्यात रेडियम नसतं). आयएसओ ६४२५ या मानकाप्रमाणे प्रत्येक नग तपासावा लागतो, नमुन्यादाखल चार उचलून चालत नाही. आणि पाण्याची चाचणी लिहिलेल्या खोलीपेक्षा पाव पट जास्त दाबाला. २०० मीटर लिहायचं तर २५० चा दाब सोसून दाखव. ज्या धंद्यात 'माझ्या मशीनवर तर चालतंय' असं म्हणून रिलीज होतात, त्या धंद्यातल्या माणसाला याचे पैसे द्यावेसे वाटले तर नवल नाही.

त्याच्याही वर गेलं की ६आर३५ मिळतं. मुख्य फरक चावीचा: ४आर३६ साधारण ४१ तास चालतं, हे ७० तास. शुक्रवारी संध्याकाळी सातला काढून ठेवलं तर पहिलं रविवारी दुपारी बाराला मरतं, दुसरं सोमवारी ऑफिसात पोचल्यावरही चालू असतं. वीकेंडची किंमत म्हणायची ही. मला ती जास्त वाटली, कारण रविवारीही मी घड्याळ घालतोच.

खरा हिशेब मात्र दुकानात नाही, दुरुस्तीत आहे. बाबांकडे एचएमटीची जनता आहे, रोज सकाळी चावी द्यायची. १९६१ मध्ये सिटिझनच्या मदतीने सुरू झालेला तो घड्याळांचा कारखाना बंद करायचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला. कंपनी गेली, घड्याळ चालूय. कारण शनिवार पेठेजवळच्या एका गल्लीत जिन्याखाली बसणारे एक घड्याळजी काका. बाबांचं घड्याळ दर काही वर्षांनी ते उघडतात, पुसतात, तेल देतात आणि जेवणाच्या थाळीएवढे पैसे घेतात.

त्यांच्याकडेच गेलो, घेण्याआधी. कॅटलॉग मोबाइलवर दाखवला. ४आर म्हटल्यावर ते हसले. "हे रोज येतं माझ्याकडे. फारच गेलं तर याचंच भावंड बाजारात सुटं मिळतं, एनएच३६. अख्खं मशीन बदलून देतो, चार-पाच हजारांत." मग चष्मा वर करून म्हणाले, "पण एक सांगतो साहेब, एकदा मी उघडलं की पाण्याची गॅरंटी संपली. प्रेशरचं यंत्र नाही आपल्याकडे."

घ्या! म्हणजे ज्या डब्यासाठी जास्तीचे पैसे, तो नेमका काकांच्या हाताबाहेर. दाबाच्या चाचणीसाठी कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठायचं, आणि तिथलं बिल जेवणाच्या थाळीत मोजता येत नाही.

तरी घेतलं. चाळीस-पंचेचाळीसच्या घरातलं, ४आरवालं, २०० मीटरचं. माझी रेघ तिथे पडली: मशीन गल्लीत दुरुस्त होईल तिथपर्यंत पैसे द्यायचे, त्यापुढचे नावाचे. बायकोला मी हेच सांगितलं, तीन नाइन्सचा आकडाही न लपवता. ती म्हणाली, "मग वर्षाला किती पडतं?" वीस वर्षं चालेल धरून, सर्व्हिसिंग मिळवून, तीनेक हजार. "वीस वर्षं ते काका असणारेत का?"

पुढच्या वेळी बाबांची जनता आणायला गेलो तेव्हा काकांना विचारलं, तुमच्यानंतर इथे कोण बसणार? मुलगा आहे म्हणाले. हुशार आहे, हात चांगला होता लहानपणी, बाराव्या वर्षी अलार्मचं घड्याळ खोलून जोडायचा.

"आता कुठे असतो?"

"तुमच्याच हिंजवडीत. फेज टू. टेस्टिंगला आहे."